नग क्रमांक नऊ

चेन्नईच्या गिंडी भागातल्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं इन्स्पेक्टर आहे. आलेला भाग मोजायचा, पास की नापास ते लिहायचं आणि खाली सही करायची, एवढंच काम. या सगळ्या सह्यांमध्ये एक सही खोटी आहे. तो अहवाल मी बिघडलेल्या उपकरणाने मोजून लिहिला, आणि ते बिघडलेलं आहे हे मला ठाऊक होतं. आजवर हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मॅनेजरला नाही, ज्यांचा माल होता त्यांना तर नाहीच. माल म्हणजे रॅप गाण्यांची एक मिक्सटेप होती. नऊ नग.

कारखान्यात रॅप कुठून आलं हे सांगायचं तर आधी सारांबद्दल सांगावं लागेल. चेन्नईत ज्याला त्याला ‘सार’ म्हणतात, रिक्षावालासुद्धा. पण आमच्या कंपनीत नुसतं ‘सार’ म्हटलं की गेज रूमचे सार. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना आवडणार नाही म्हणून नव्हे. त्यांना फार आवडेल, म्हणून.

गेज रूम म्हणजे कारखान्यातली मोजायची उपकरणं जिथे ठेवतात आणि तपासतात ती खोली. लोखंड उन्हात वाढतं, थंडीत आक्रसतं, म्हणून ही खोली बाराही महिने वीस डिग्रीवर. बाहेर मे महिन्यात गिंडीचं डांबर चपलेला चिकटायचं आणि आत सार तपकिरी स्वेटर, कानटोपी आणि पांढरे हातमोजे घालून बसलेले असायचे. स्वेटर बायकोने विणलेला होता. जेवायच्या सुट्टीत ते तसेच बाहेर यायचे. ‘अर्ध्या तासासाठी काढणार कोण, घालणार कोण?’ रस्त्यावरचे लोक त्यांना वाट करून द्यायचे. काहीतरी साथीचं दिसतंय, असं त्यांना वाटत असावं.

खोलीच्या दाराशी एक स्टूल होतं. बाहेरून आलेला भाग थंड होईपर्यंत मोजायचा नाही हा नियम सगळीकडेच असतो. सारांनी तो माणसांनाही लावला होता. आत आलात की आधी दहा मिनिटं स्टुलावर. ‘थंड व्हा आधी. मग बोला.’ एकदा आमचे एम.डी. रागाने लाल होऊन आत शिरले. त्यांनाही सारांनी स्टूल दाखवलं. दहा मिनिटांनी एम.डी. उठले आणि कशासाठी आलो होतो ते आठवेना म्हणून निघून गेले. हा किस्सा कंपनीत अजून सांगतात, एम.डी. स्वतःच सांगतात.

सार कोणाशी हात मिळवत नसत. हाताच्या उबेने गेज वाढतं, ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की लग्नसमारंभातही ते लांबून नमस्कार करायचे. ‘हात लावला की वाढतं,’ हे वाक्य ते कशालाही लावायचे. युनियनचं भांडण, शेजाऱ्याचं कुत्रं, साडूचं दुखणं. सगळं हात लावला की वाढतं.

कँटीनच्या मास्तरशी त्यांचं जे काय चालायचं ते मात्र भांडण नव्हतं, तो पत्रव्यवहार होता. सारांनी अॅल्युमिनियमच्या पट्टीला दोन गोल भोकं पाडून मेदूवड्याचं गेज बनवलं होतं. मोठ्या भोकातून वडा गेला पाहिजे, लहान भोकातून जाता कामा नये. जो लहान भोकातूनही निसटला तो नापास, तो ताटाच्या कडेला वेगळा. महिनाअखेरीस मास्तरला टाइप केलेला अहवाल मिळायचा: तपासलेले वडे इतके, नापास इतके, सुधारणा सुचवली आहे. मास्तर तमिळ, रागीट आणि अभिमानी. त्याने वर्षभर अहवालाला उत्तर दिलं नाही. मग एक दिवस वडे असे यायला लागले की दोन्हींच्या बरोबर मध्ये बसावेत, एकही इकडे नाही, एकही तिकडे नाही. सारांनी महिनाभर मोजलं आणि शेवटी मास्तरला एकच ओळ पाठवली: ‘आता चवीकडे पाहा.’

मी मूळचा मिरजेचा. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात गेज रूममध्ये गेलो आणि ठरल्याप्रमाणे स्टुलावर बसलो. समोरून त्या कानटोपीतून आवाज आला, ‘कोठून आलांत? जेवण झालं कीं?’

मला इतकं अनपेक्षित होतं की मी हिंदीत उत्तर दिलं.

‘मराठी आहांत ना?’ ते म्हणाले. ‘मग हें काय बोलतां?’

त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी तंजावरला आले, ते तिथलेच झाले. घरात मराठीच, पण तिची वाट वेगळी. आपण जे शब्द जुन्या पत्रांत वाचतो ते त्यांच्या तोंडून रोज यायचे, आणि दर तिसरा शब्द तमिळ. त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. मी ‘महाराष्ट्र’. ‘या, महाराष्ट्र.’ ‘महाराष्ट्र, दार लोटा, गार जातंय.’ ‘काय, महाराष्ट्र आज उशिरा?’ अख्ख्या राज्याची जबाबदारी अंगावर असल्यासारखं मी वागायला लागलो, तेही बहुधा त्यामुळेच.

आता त्यांचा मुख्य नियम सांगतो, कारण माझं सगळं त्याच्याशी येऊन थांबतं. उपकरण हातून पडलं तर सांगायचं. बस. पडलेल्या मायक्रोमीटरला बाहेरून काही होत नाही, आतून तो खोटं बोलायला लागतो. जो येऊन सांगेल त्याला सार एक शब्द बोलत नसत. उलट कॉफी द्यायचे. जो लपवेल त्याच्याशी महिनाभर बोलत नसत. ‘पडतं हो. हातच आहेत ते. पण सांगा. आधी आपला झिरो पाहा, मग दुसऱ्याचं माप काढा.’

एकदा खुद्द त्यांच्याच हातून एक ठोकळा पडला. बोटाच्या पेराएवढा पोलादी ठोकळा. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. सारांनी स्वतःला एक मेमो लिहिला, त्याला स्वतःच लेखी खुलासा दिला, खुलासा समाधानकारक नाही असा शेरा मारला, आणि जेवायच्या सुट्टीत कँटीनमध्ये उभं राहून सगळं वाचून दाखवलं. अर्ध्या लोकांना मराठीमिश्रित तमिळ कळली नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. मला वाटलं, काय हा वेडेपणा.

रॅप आलं ते हातमोज्यांमुळे. हातमोजे घालून संगणकावर आकडे टाइप करता येत नाहीत, म्हणून सार रीडिंग फोनवर बोलून ठेवायचे आणि घरी जाऊन वहीत उतरवायचे. ‘पंचवीस पॉइंट शून्य शून्य दोन. पंचवीस पॉइंट शून्य शून्य एक.’ भिंतीपलीकडे कंपनीचा कॉम्प्रेसर. तो ठराविक तालात चालायचा: ढुक, ढुक, ढुक आणि मग हवा सोडल्याचा फुस्स. एका संध्याकाळी घरी ते रेकॉर्डिंग वाजत असताना त्यांच्या बायकोने स्वयंपाकघरातून डाव वाजवून ठेका धरला.

‘मी बोलून ठेवले होते,’ सार ते पुन्हा पुन्हा सांगायचे, ‘सुम्मा आकडे, उगीच आपले. आणि ही म्हणाली, तालावर आहे की हो. शेवटचा आकडा थोडा लांबवा.’

लांबवला. मग आकड्यांमध्ये शब्द आले. मग शब्द उरले आणि आकडे गेले. सहा महिन्यांत सारांनी स्वतःला एक नाव घेतलं: एम.सी. लीस्टकाउंट. लीस्ट काउंट म्हणजे उपकरणाला मोजता येतं ते सगळ्यात लहान माप; कोणी ते स्वतःचं नाव म्हणून घेतलेलं मी प्रथमच ऐकलं. एम.सी. म्हणजे काय असं विचारलं तर म्हणाले, ‘मायक्रोमीटर कॅलिब्रेटर.’ ते चेष्टा करत होते की नाही हे मला आजही सांगता येणार नाही.

जेवायच्या सुट्टीत ते गेज रूमचं दार आतून लावून रेकॉर्ड करायचे. फोन ग्रॅनाइटच्या मोठ्या पाटीवर, कारण कंपनीतली सगळ्यात सपाट जागा तीच. मी एकदा विचारलं, ‘सार, सपाट जागेने आवाजाला काय फरक पडतो?’

‘काही नाही,’ ते म्हणाले. ‘पण तिरक्या जागेवर मला बोलवत नाही.’

निवृत्तीला दोन महिने उरले असताना त्यांनी मला बोलावलं. स्टुलावरची दहा मिनिटं झाल्यावर त्यांनी एक पेनड्राइव्ह आणि एक फॉर्म पुढे केला. फॉर्म आमचाच, तपासणीच्या विनंतीचा. भागाचं नाव: मिक्सटेप. संख्या: नऊ नग. मटेरिअल: आवाज. पुरवठादार: स्वतंत्र.

‘स्वतंत्र म्हणजे?’

‘इंडिपेंडंट. कोणा कंपनीचा करार नाही. घरी विचारलं आहे तेवढं.’

‘सार, मला रॅपमधलं काय कळतं?’

‘मला तरी काय कळतं? पण ह्या कंपनीत मराठी कळणारे तुम्ही एकटे. आणि भीड ठेवत नाही तुम्ही. एम.डी.च्या मेहुण्याचा अख्खा लॉट परत पाठवलांत.’ मग हातमोजे काढले. ते हातमोजे काढून बोलले असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ‘पास झालं तर निरोपाच्या दिवशी कँटीनमध्ये वाजवीन. सगळ्यांसमोर. नापास झालं तर नियमाने जाईल. स्क्रॅप. प्रत राहणार नाही. म्हणून सुम्मा चांगलं म्हणू नका. आणि सुम्मा वाईटही म्हणू नका.’

नापास भाग चुकून कोणी वापरू नये म्हणून आम्ही तो नष्ट करतो. हे नऊ नग जगायचे की नाही, ते माझ्या सहीवर होतं. मला ते कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

फॉर्मवर एक रकाना होता: वापरलेलं उपकरण आणि त्याची स्थिती.

‘इअरफोन ठीक आहेत ना तुमचे?’ सारांनी विचारलं.

‘हो, हो,’ मी म्हटलं.

माझ्या इअरफोनचा उजवा कान मुका होता. तो शर्टाच्या खिशातून धुवायच्या मशीनमध्ये जाऊन आला होता आणि बरेच महिने मी नुसत्या डाव्या कानावर भागवत होतो. बायको म्हणायची, नवे घ्या. मी म्हणायचो, बातम्या ऐकायला एक कान पुरतो. मी फॉर्मवर लिहिलं: ‘इअरफोन. ठीक.’

दुसऱ्या दिवशी मला एका पुरवठादाराकडे गुम्मिडिपूंडीला जायचं होतं. शहराच्या एका टोकाहून पार दुसऱ्या टोकाच्या पलीकडे. कंपनीच्या व्हॅनमध्ये मागच्या सीटवर बसून मी नऊच्या नऊ नग क्रमाने ऐकले, मांडीवर पॅड ठेवून. कामचुकारपणा केला असं कोणी म्हणू नये. एका कानाने का होईना, मी प्रत्येक सेकंद ऐकला.

आणि ते विलक्षण होतं, म्हणजे विलक्षण वाईट. आवाज खणखणीत, कॉम्प्रेसर तालात, पण हा माणूस दर ओळीनंतर गप्प बसायचा. चार सेकंद नुसतं ढुक ढुक ढुक फुस्स. मग पुढची ओळ, तिचा आधीच्या ओळीशी काही संबंध नाही. चौथ्या नगाचं नाव ‘पातळ सांबार’. तो मला असा ऐकू आला:

‘सांबार पातळ, कोण करलं?’

ढुक ढुक ढुक फुस्स.

‘एवढं पाणी कशाला भरलं?’

ढुक ढुक ढुक फुस्स.

‘साडेतीन टक्के डाळ, मी मोजून पाहिलं.’

ढुक ढुक ढुक फुस्स.

‘होय. चुकलं. पोदुम. वाढ.’

पोदुम म्हणजे तमिळमध्ये पुरे. मी अहवालात लिहिलं, आणि लिहिताना मला स्वतःच्या नेमकेपणाचं कौतुक वाटलं हेही कबूल करतो: ‘नग ४. गायक आरोप करतो, कोणी काही बोलत नसताना माघार घेतो व जेवायला मागतो. मधल्या काळात काय घडले याचा उलगडा होत नाही.’ सहाव्या नगाविषयी: ‘पाण्याच्या टँकरविषयी तीन प्रश्न. उत्तर एकाचेही नाही.’ सातव्याविषयी: ‘गायक मध्येच हसतो. कारण दिलेले नाही.’ सगळ्या नगांसाठी एक सामाईक दोष लिहिला: ‘जागोजागी पोकळी.’

नववा नग पावणेतीन मिनिटांचा. त्यात कॉम्प्रेसर होता आणि अगदी शेवटी सारांचं एक ‘हूं.’ बाकी काही नाही. मी तो पुन्हा लावून पाहिला. व्हॅन तेव्हा रेडहिल्सच्या पुढे गेली होती. मी लिहिलं: ‘नग ९. रिकामा.’

शेरा: संपूर्ण लॉट नापास. सही.

सारांनी अहवाल उभ्यानेच वाचला. मला वाटलं होतं, वाद घालतील. वड्याच्या तिसऱ्या दशांशासाठी वाद घालणारा माणूस. त्यांनी एकदा नवव्या ओळीवर बोट ठेवलं, ते उचललं, आणि विचारलं, ‘नक्की?’

‘नक्की,’ मी म्हटलं.

‘सेरि,’ ते म्हणाले. ठीक.

मग सगळं रीतीने झालं. पेनड्राइव्हवर लाल रंगाची फुली. रंग वाळेपर्यंत वाट पाहिली. प्रेसखाली ठेवून चपटा केला. चपटा झालेला तुकडा सारांनी मायक्रोमीटरने मोजला, जाडी रजिस्टरमध्ये लिहिली आणि माझ्यापुढे स्क्रॅपचा दाखला ठेवला: सर्व प्रती नष्ट केल्या आहेत. मी सही केली. व्हॅनमध्ये ऐकायला उतरवून घेतलेली प्रत माझ्या फोनमध्ये होती. संध्याकाळी काढून टाकू असं म्हटलं आणि विसरलो. म्हणजे खोट्या सह्या एक नव्हे, दोन. वर एक लिहिलं ते हिशेबाला धरून नव्हतं.

निरोपाच्या दिवशी कँटीनमध्ये शाल, भिंतीवरचं घड्याळ आणि केक. कँटीनच्या मास्तरने ताटात एकच मेदूवडा आणून सारांपुढे ठेवला. सारांनी खिशातून गेज काढलं, वडा मोठ्या भोकातून घातला, गेला. लहान भोकाला लावला, अडकला. मग ते गेज त्यांनी मास्तरच्या हातात दिलं, कायमचं. मास्तर रडला. रागीट माणूस रडतो तेव्हा भांडत असल्यासारखाच दिसतो. सारांचं भाषण दोन वाक्यांचं. ‘चौतीस वर्षं झाली. माप कंपनीचं, एरर माझा.’ आणि बसले. कँटीनचे स्पीकर कोपऱ्यात होते. त्यांच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

त्यांच्या बायकोला मी तेव्हा पहिल्यांदा भेटलो. चेन्नईत अशा बायकांना मामी म्हणतात, आम्हीही म्हणायचो. मोरपंखी रेशमी साडी, नवी. हातात पर्स, पर्समधून डोकावणारा घडी घातलेला कागद. त्या माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या.

‘तुम्हीच ना महाराष्ट्र?’

‘हो, मामी.’

‘अहवाल वाचलें मी. ह्यांनी दाखवला.’ आवाजात राग नव्हता, त्यानेच मी जास्त अवघडलो. ‘ह्यांचे दोष सगळे लिहिलांत. एकेक. मला वाटलं, माझेही लिहाल.’

‘तुमचे?’

‘मग. सगळ्या पाट्टूंत मी होतें की.’ पाट्टू म्हणजे गाणी. ‘माझं बोलणं घरी फोनवर भरलं, आणि जेवायला बसतों तसंच ठेवलं ह्यांनी. हे डाव्या बाजूला, मी उजव्या बाजूला. हे बोलतात, मी उत्तर देतें. नववा तर सगळा माझाच.’

केक कापल्याच्या टाळ्या पडल्या. मी टाळ्या वाजवल्या. हात आपोआप वाजवतात.

‘त्याला रिकामा लिहिलांत,’ मामी म्हणाल्या. ‘दोन दिवस वाईट वाटलं. मग म्हटलं, खरंच आहे हो. मला काय येतं? उगीच ह्यांनी चढवलं.’ आणि पर्समधला तो ओळी लिहिलेला कागद त्यांनी खाली दाबला, वरून रुमाल ठेवला. ‘आणखी वाईट काही लिहिलं नाहीत, तेवढी भीड ठेवलीत. बरं केलंत.’

त्या वेळी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं: मामी, माझा उजवा कान मेलेला होता. मी म्हटलं, ‘केक घ्या ना, मामी.’

त्याच संध्याकाळी पेरुंगुडीला घरी आलो, चपला न काढता फोनचा स्पीकर लावला आणि चौथा नग वाजवला.

‘सांबार पातळ, कोण करलं?’

आणि तिथेच, जिथे मला नुसतं ढुक ढुक ऐकू आलं होतं, एक बाई करवतीसारख्या आवाजात:

‘डाळ आणायला सांगितलें, कोण विसरलं?’

‘एवढं पाणी कशाला भरलं?’

‘चौघांस घेऊन आलांत न सांगतां, म्हणून तेवढं पुरलं.’

‘साडेतीन टक्के डाळ, मी मोजून पाहिलं.’

‘भांडं रोज कोण घासतें, तें मोजायचं राहिलं.’

‘होय. चुकलं. पोदुम. वाढ.’

माझी मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आली. ती चेन्नईतच जन्मली. मराठी बोलते, पण आमच्यावर उपकार म्हणून.

‘बाबा, हे कोण आहे?’

‘असंच, नेटवर मिळालं.’

‘पुन्हा लावा.’ तिने सगळं ऐकलं, सोफ्याच्या हातावर बसून. ‘अंकल ओके आहेत. पण मामी वेर लेव्हल, एकदम भारी. मामी त्यांना अक्षरशः धुते. ह्यांचं चॅनल काय?’

‘चॅनल नाही.’

‘का?’

मी पाणी प्यायला आत गेलो.

सातव्या नगात सार हसतात ते का, तेही कळलं. मी ते इथे लिहीत नाही. ते मामींचं वाक्य आहे आणि त्यांच्याच तोंडून ऐकायला हवं. नववा नग मात्र लिहितो, निदान शेवट. पावणेतीन मिनिटं मामी एकट्या, डाव्या बाजूला सार चिडीचूप.

‘रांगोळी घातलें दारांत, तुम्ही पट्टी आणलांत,
ठिपक्यांतलं अंतर पाहून ‘जास्त’ म्हणालांत.
स्वेटर विणलें, टाके मोजून बाही उसवलांत,
इतकी वर्षं बोललें मी, एकदां तरी थांबलांत?
आज यंत्र चालू आहे, बटण माझ्या हातांत,
मी बोलतें, तुम्ही गप्प. घ्या दोन्ही कानांत.’

आणि सार म्हणतात, ‘हूं.’

मुलगी म्हणाली, ‘त्या हूंला अवॉर्ड द्या.’

नवे इअरफोन मी दुसऱ्याच दिवशी घेतले. बायको म्हणाली, ‘सुचलं एकदाचं.’

एवढं होऊनही मी गप्प का राहिलो, याचं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. वाईट उत्तर असं की सार सगळ्यांना माझं उदाहरण देत होते. निवृत्तीनंतरही दर पोंगलला फोन करायचे. ‘महाराष्ट्र, नव्या पोरांना सांगा. इन्स्पेक्टर असावा तर असा. मित्राचा माल नापास केला.’ ज्या सहीमुळे माझं नाव झालं तीच खोटी, हे सांगायचं कसं? हात लावला की वाढतं, असं मी स्वतःला समजावायचो. त्यांचंच वाक्य, त्यांच्याच विरुद्ध.

एकदा गेलो. ते नंगनल्लूरला राहतात, गिंडीपासून फार लांब नाही, त्यामुळे अंतराचीही सबब नाही. खिशात फोन, फोनमध्ये नऊ नग, दुसऱ्या खिशात नवे इअरफोन. दार सारांनी उघडलं. स्वेटर नव्हता, त्यामुळे निम्मे दिसत होते. दाराशी स्टूल होतं. मी न सांगता बसलो. दहा मिनिटं पंखा ऐकला. मग मामींनी कॉफी आणली आणि सारांनी मला जेवणाच्या टेबलापाशी नेलं.

‘तुम्हाला एक दाखवायचं राहिलं,’ ते म्हणाले.

टेबलासमोरच्या भिंतीवर माझा अहवाल फ्रेम करून लावला होता. काच, सोनेरी पट्टी, वर झेंडूची छोटी माळ.

‘माझ्या कामावर कोणी लिहिलेलं हे एकच,’ सार म्हणाले. ‘लोक सुम्मा छान छान म्हणतात. ऐकत कोणी नाही. तुम्ही बसून ऐकलांत. सेकंद मोजलांत.’

मी फ्रेमकडे पाहिलं. तिथे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: उपकरण, इअरफोन, ठीक. त्याखाली नऊ ओळी. नवव्या ओळीच्या बरोबर समोर, टेबलाच्या उजव्या बाजूला, मामींची खुर्ची होती. रोज दोनदा, डोळे वर केले की ते.

‘आता रेकॉर्ड करत नाही का काही?’ मी विचारलं.

‘हे म्हणतात, करू,’ मामी म्हणाल्या. ‘मीच नको म्हणतें. रिकामं रिकामं काय भरायचं?’ आणि हसल्या. ‘कॉफी गार होते हो. घ्या.’

मी कॉफी घेतली. फोन खिशातच राहिला. निघताना सारांनी लांबून नमस्कार केला आणि मग, का कोण जाणे, हात पुढे केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी तो हातात घेतला. गरम होता.

त्याला आता चार वर्षं झाली. पडलं तर सांगा, असं ते म्हणायचे. सांगणाऱ्याला कॉफी मिळायची. मी न सांगताच कॉफी पिऊन आलो.

मी सारांना त्यांचे नऊ नग देणं लागतो, नष्ट केल्याची सही करूनही माझ्याकडे आहेत ते. भिंतीवरून तो अहवाल उतरवायचं देणं लागतो, सगळ्यांसमोर, उभं राहून, वाचून. आणि मामींना एक वाक्य देणं लागतो: तुमचा नग मी रिकामा लिहिला, कारण मी तो ऐकलाच नव्हता.